सुरकुत्यांसाठी बोटॉक्स की फिलर?

आरशासमोर चेहरा सैल सोडा, मग मुद्दाम आठ्या घाला. रेषा फक्त आठ्या घातल्यावर उमटत असेल, तर ती स्नायूंच्या आकुंचनाची रेषा. तिथे बोटॉक्स उपयोगी पडतं. चेहरा शांत असतानाही नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घळ दिसते, गाल बसलेले वाटतात, तर तिथे भर घालायला हवी, म्हणजे फिलर. दोन्ही सुईनेच देतात, म्हणून लोक त्यांना एकाच माळेचे मणी समजतात आणि भलत्या जागी भलतं इंजेक्शन मागतात.

बोटॉक्स हा बोट्युलिनम नावाच्या जिवाणूजन्य विषाचा अत्यंत सूक्ष्म डोस. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप नेणारं रसायन तो अडवतो. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. फिलर बहुधा हायलुरॉनिक ॲसिडच्या जेलचं असतं. ते लगेच दिसतं आणि जागेनुसार ६ ते १८ महिने टिकतं.

पण केवळ टिकाऊपणा पाहून फिलर निवडू नका. बोटॉक्स नको तिथे पसरलं तर पापणी उतरू शकते. त्याचा परिणाम उलटवणारं औषध नाही, मात्र काही आठवड्यांत ती आपोआप सावरते. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर हायलुरॉनिडेज या विकराने विरघळवता येतं. तरीही ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचेचा तो भाग मरू शकतो आणि क्वचित दृष्टीही जाते. भुवयांमधली जागा आणि नाक इथे हा धोका अधिक. त्वचा एकदम पांढरी पडली, तीव्र वेदना झाली किंवा नजर अंधुक झाली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. म्हणूनच फिलर घेण्याआधी मी एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगेन : हायलुरॉनिडेज इथे हाताशी आहे का? उत्तर देताना डॉक्टर चाचरले, तर उठून यावं.

औषधोपचारात मात्र बोटॉक्स कितीतरी पुढे आहे. मुळात ते सौंदर्यासाठी आलंच नाही. अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या पापण्यांच्या रुग्णांमध्ये भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होऊ लागल्या आणि तिथून सुरकुत्यांवरचा उपयोग पुढे आला. त्याला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. आज काखेतला अतिघाम, पक्षाघातानंतर ताठरलेले हातपाय, अतिक्रियाशील मूत्राशय यांवर ते देतात. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्या जुनाट अर्धशिशीत डोकं आणि मानेच्या ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. भुवयांमधल्या आठ्यांना २० युनिट पुरतात. (युनिटचा हिशेब ब्रँडनुसार बदलतो, म्हणून एका ब्रँडचा आकडा दुसऱ्याला लावू नये.) फिलरचे वैद्यकीय उपयोग मोजके : मुरुमांचे खड्डे, एचआयव्हीमुळे झडलेले गाल.

गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात दोन्ही टाळावीत. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूदौर्बल्याचा आजार असेल तर बोटॉक्सआधी तो डॉक्टरांना सांगायलाच हवा.

भुवयांमधली रेषा चेहरा शांत असतानाही खोल दिसत असेल, तर आधी बोटॉक्स घ्या, दोन आठवडे थांबा आणि उरलेल्या रेषेला फिलर लागतं का, हे तेव्हा ठरवा.