पाखऱ्याचा दगड : एका पाथरवटाच्या कामाविषयी

आमचा खिल्लार बैल पाखऱ्या 2024 च्या फाल्गुनात म्हातारपणाने गेला. त्याच्या स्मरणार्थ शेतात बसवण्यासाठी आम्ही पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका पाथरवटाकडून दगड घडवून घेतला, त्या कामाविषयी हे लिहीत आहे. या कार्यशाळेत मुख्यतः विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती आणि देवळांसाठी नंदी घडवले जातात. घरच्या जनावराचा दगड घडवण्याचे काम त्यांच्याकडे क्वचितच येते. आपल्या गायी-बैलासाठी असे काही करावे असे ज्यांना मनापासून वाटते, पण कोणाकडे जावे आणि काय सांगावे हे ज्यांना उमगत नाही, त्यांना आमच्या अनुभवाचा उपयोग होईल.

या कार्यशाळेत येण्यापूर्वी आम्ही एक चूक केली होती. शहरातल्या एका दुकानातून ग्रॅनाइटच्या काळ्या फरशीवर यंत्राने पाखऱ्याचा फोटो कोरून घेतला. त्यासाठी साडेतीन हजार रुपये मोजले आणि काम दोन दिवसांत हातात आले, परंतु चौकटीत बसेना म्हणून त्यांनी फोटो वरून कापला आणि त्यात पाखऱ्याच्या शिंगांची टोकेच गेली. खिल्लार जनावराची ओळखच शिंगांत असते. ती कपाळाच्या मधोमध जवळजवळ उगवतात, मागे झुकतात आणि मग वर चढत जाऊन टोकाला अणकुचीदार होतात. ती फरशी अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) एकदाच पाहिली आणि "हा आपला न्हवं" एवढेच म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवली. शिवाय अशा कोरीव फोटोची राखाडी छटा भर उन्हात नीट दिसत नाही, हेही त्या फरशीने आम्हाला शिकवले.

पाथरवटाकडे गेलो तेव्हा अंगणात तयार नंदी ओळीने मांडलेले होते, त्यातलाच एखादा पुढे करून तो आम्हाला वाटेला लावील अशी मला धास्ती होती. त्याने तसे केले नाही. त्याने आधी बैलाचे नाव विचारले, मग तो कोणत्या बाजूला जुंपला जाई ते विचारले, आणि अण्णांनी "उजवीकडं" म्हटल्यावर मोबाइलमधले डाव्या बाजूचे सगळे फोटो बाजूला सारून उजव्या बाजूचे मागितले. अण्णा त्याच्याशी मोकळेपणाने बोलू लागले ते तिथपासून. पाखऱ्या आम्ही 2006 च्या पौषात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतून आदत (म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला) असतानाच आणला होता. चौसा झाल्यावर (म्हणजे चार पक्के दात आल्यावर) तो पेरणीला लागला, 2012-13 च्या दुष्काळात चारा छावणीत त्याने आणि त्याच्या जोडीदार हरण्याने महिन्यांमागून महिने दावणीला काढले, आणि 2022 मध्ये लंपी या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगातूनही तो तरला. हे सगळे अण्णांनी त्या अंगणात बसून सांगितले आणि कारागिराने हातातले काम थांबवून ऐकले. मध्येच त्याने विचारले, "अण्णा, लंपीचे वण दाखवायचे का?" अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "नको. जुवानं पडलेला खांद्याचा घट्टा तेवढा दाखवा, तो त्याच्या कष्टाचा हाय."

दगडाच्या निवडीत त्याने आमचे हित पाहिले असे मी खात्रीने म्हणेन. त्याच्याकडे ग्रॅनाइट होता आणि तो महागही होता, तरी त्याने आपल्याच भागातला काळा पाषाण घ्यायला सांगितला, कारण उठावाचे काम (ज्यात आकृती शिळेला धरूनच पुढे उठवलेली असते) त्यात सावलीमुळे खुलते आणि ऊन-पावसात त्याचा रंग फारसा बदलत नाही. अंगणातल्या तीन शिळांवर हातोडीने एकेक हलका ठोका देऊन त्याने आम्हाला आवाज ऐकवला : दोन खणखणीत वाजल्या, तिसरी बद्द वाजली. बद्द वाजणाऱ्या दगडाच्या पोटात चीर असते आणि तो छिन्नीखाली दगा देतो, असे सांगून त्याने ती शिळा लगेच बाजूला केली. शिंगे दगडातून पूर्ण सुटी काढावीत अशी माझी इच्छा होती. तिला मात्र त्याने स्पष्ट नकार दिला. काळा पाषाण कठीण असला तरी ठिसूळ असतो, बारीक आणि लांब भागाचा टवका उडायला एखादा धक्का पुरतो, आणि शेतात तो कधी ना कधी बसणारच. म्हणून दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद शिळेवर उठावाचे काम ठरले. दगड, घडाई आणि पॉलिश मिळून सोळा हजार रुपये झाले आणि टेम्पोचे भाडे वेगळे पडले.

घडाई चालू असताना मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या भेटीत खडूने काढलेला आराखडा पाहून मन खट्टू झाले, कारण वशिंड फार गोल आणि गळ्याखालची पोळी फार मोठी झाली होती; हात नंदीला सरावलेला, त्यामुळे रेषा तिकडेच वळत होती. मी तसे सांगताच त्याने ओल्या फडक्याने सगळा खडू पुसला आणि फोटो समोर ठेवून पुन्हा काढायला घेतले. दुसऱ्या भेटीत डोके पुरे झाले होते. पाखऱ्याच्या उजव्या शिंगाचे टोक डाव्यापेक्षा किंचित आत वळलेले होते. जो त्याला रोज वैरण घालतो त्यालाच ते जाणवावे इतका थोडा तो फरक. दगडातही तो तेवढाच होता. नाकपुडीपाशी, वेसण जिथे ओवलेली असते तिथे, त्याने बारीक छिन्नीने दोरीचा पीळ कोरला होता आणि घट्ट्याची जागा पॉलिश न करता मुद्दाम खरबरीत ठेवली होती. अण्णांनी त्या खरबरीत जागेवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

आता उणिवा. त्यातली पहिली वेळेची आहे. काम तीन आठवड्यांत होईल असे सांगितले होते, त्याला सात आठवडे लागले. आषाढी एकादशीच्या पाठोपाठ आमच्याकडे बेंदूर हा बैलांचा सण येतो, त्या दिवशी हरण्याला पुरणपोळी भरवायची आणि त्याच वेळी दगडाची पूजा करायची असे घरात ठरले होते, पण वारीच्या दिवसांत मूर्तींची मागणी वाढली आणि रस्तेही भरून गेले, त्यामुळे दगड बेंदरानंतर अकरा दिवसांनी आला. वारी दरवर्षी ठरल्या तिथीलाच येते. हा विलंब आधी सांगता आला असता. अण्णांना तो दिवस चुकल्याचे फार लागले आणि ते मी येथे सौम्य करून लिहिणार नाही.

दुसरी उणीव अक्षरांची. नाव कोरून झाल्यावर पाहिले, तर 'पाखऱ्या'ऐवजी 'पाखर्या' झाले होते. संगणकावर छापून घेतलेल्या कागदावर तसे आले होते आणि त्याने ते जसेच्या तसे दगडावर उतरवले होते. ज्या नावाने आम्ही अठरा वर्षे हाक मारली ते नाव दगडावर रफाराने वाचताना आवाजच वेगळा उमटत होता. कारागिराने हुज्जत घातली नाही. तेवढ्या भागाचा वरचा थर घासून काढला आणि ते अक्षर हाताने नव्याने कोरले, त्याचे जादा पैसेही घेतले नाहीत. तरी तिथे उथळसा खळगा राहिला आहे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो दिसतो. ज्यांना नाव कोरून घ्यायचे असेल त्यांनी ते स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि छिन्नी लागण्यापूर्वी दगडावरचा खडू स्वतः वाचावा.

मजकूर किती असावा याबाबत त्याचा सल्ला मला पटला. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. त्याने नाव, खरसुंडी आणि पाखऱ्या आला ते व गेला ते अशी दोन साले एवढेच ठेवायला सुचवले. मजकूर वाढला की अक्षरे बारीक होतात आणि बारीक अक्षरांत माती बसते, हे त्याचे कारण होते.

बैलासाठी एवढा खर्च कशाला, असे गावात काहींनी विचारले. अण्णांनी त्यांना जुन्नर तालुक्यातल्या आळ्याचे उदाहरण दिले. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी परंपरा सांगते त्या रेड्याची समाधी तेथे आहे आणि लोक भक्तिभावाने तिच्यापुढे हात जोडतात. आमच्या पाखऱ्याने वेद म्हटले नाहीत, पण आमचे घर त्याच्या खांद्यावर उभे राहिले. त्याची आठवण दगडात ठेवण्यात वावगे काही आहे असे मला वाटत नाही.

बसवण्याविषयीही त्याने आपण होऊन सांगितले आणि ते फार उपयोगी पडले. पाखऱ्याला आम्ही बांधावरच्या लिंबाखाली खोल खड्ड्यात, मीठ आणि चुना घालून, त्याच्या झुलीसकट पुरले होते. अशी भरलेली जागा एक-दोन पावसाळे खचत राहते, म्हणून दगड खड्ड्यावर न ठेवता दोन हात बाजूला, मुरूम आणि खडीचा पाया घालून बसवावा, असे त्याचे म्हणणे होते. गेल्या पावसाळ्यात खड्ड्याची माती चांगली वीतभर खाली गेली, पण दगड रेसभरही हललेला नाही.

एक गोष्ट मात्र त्याला आणि आम्हालाही सुचली नाही. शिळेच्या वरच्या कडा धारदार राहिल्या आहेत. हरण्या आता कामाला जात नाही, दिवसभर लिंबाखालीच असतो आणि मान खाजवायला त्याच दगडाशी येतो. महिन्याभरात त्याच्या मानेवर ओरखडे उठले, तेव्हा अण्णांनी गोणपाटाची घडी करून कडेवर बांधली. कडा गोल करून घ्याव्यात, त्यासाठी थोडे पैसे अधिक पडले तरी चालतील.