चंद्र पडला आणि च्युई गेला: ‘व्हेक्टर प्राइम’ वाचून झाल्यावर

आधीच सांगतो, स्पॉयलर आहे. पण १९९९ च्या पुस्तकाचा स्पॉयलर तो काय, आणि तसंही ‘व्हेक्टर प्राइम’बद्दल बहुतेकांना एकच गोष्ट माहीत असते, की यात च्युबाका ऊर्फ च्युई, ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलोचा केसाळ जोडीदार, मरतो. लेखक कोण, शत्रू कोण, गोष्ट काय, काही ठाऊक नसतं, पण “ते च्युईला मारलं ते पुस्तक” म्हटलं की लगेच ट्यूब पेटते. मी पण तेवढंच ऐकून घेतलं होतं. पेपरबॅक आहे, वरती ‘लेजेंड्स’ची पट्टी (ती काय ते पुढे सांगतो) असलेली नंतरची आवृत्ती, चारशेच्या आसपास पानं, अक्षर बारीक, कागद पिवळट, आणि दुसऱ्यांदा वाचताना मधली पानं सुटायला लागली. वस्तू म्हणून एवढंच. बाकी जे काय बोलायचंय ते आतल्या मोजक्या पानांबद्दल.

ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. ही ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’नंतर साधारण एकवीस वर्षांनी घडते. सिनेमांचा हिरो ल्यूक, त्याचं लग्न झालंय, हान आणि लेयाला तीन मुलं आहेत, जेना, जेसन आणि धाकटा अनाकिन, आणि आकाशगंगेबाहेरून युझान व्हाँग नावाचे लोक येतात ज्यांना यंत्रांचा तिटकारा, त्यांची जहाजं, हत्यारं, सगळं जिवंत प्राण्यांपासून बनवलेलं, वेदनेला देव मानतात, आणि मुख्य म्हणजे फोर्समधून, म्हणजे जेडाय वापरतात त्या अदृश्य शक्तीतून, ते जाणवतच नाहीत. आयडिया भारी आहे. या शत्रूवर १९९९ ते २००३ अशी तब्बल १९ कादंबऱ्यांची मालिका चालली, ‘न्यू जेडाय ऑर्डर’, आणि हे तिचं पहिलं पुस्तक. लेखक आर. ए. साल्व्हाटोरे, मूळचा तलवारी आणि जादूवाल्या फँटसीचा माणूस, आणि ते कळतं, मारामारी लिहायला लागला की गडी फॉर्मात येतो आणि राजकारणावर आला की आपल्याला जांभया.

पहिला अर्धा भाग मला जडच गेला. नॉम अनोर नावाचा हेर एका ग्रहावर लोकांना भडकवतोय, ल्यूकच्या बायकोला, मारा जेडला, कसला तरी न कळणारा आजार झालाय, जेसन आणि अनाकिन हे दोघे भाऊ फोर्स कशासाठी वापरायची यावर वाद घालतायत (हा वाद चांगला आहे पण तीनतीनदा तेच), हानचा जुना दोस्त लँडोने लघुग्रहांच्या पट्ट्यात उडायचा खेळ काढलाय. तो खेळाचा भाग मस्त, बाकी पानं उलटली तरी चालतील. मी उलटली.

आणि मग सर्नपिडल.

हान, च्युई आणि अनाकिन माल पोचवायला या ग्रहावर जातात आणि कळतं की त्याचा चंद्र, डोबिडो, खाली येतोय. युझान व्हाँगांनी ग्रहावर एक जीव सोडलाय जो गुरुत्वाकर्षणाने चंद्राला ओढून घेतोय. आपण एरवी बोलताना आभाळ कोसळलं म्हणतो, इथे ते शब्दशः होतं. हानच्या जहाजात, फाल्कनमध्ये, जेवढे मावतील तेवढे लोक भरायचे चाललेत, वाऱ्याने माणसं उडतायत, अनाकिन बाहेर अडकतो, च्युई त्याला शोधून आणतो आणि जहाजाकडे हानच्या हातात अक्षरशः फेकतो, आणि स्वतः खाली राहतो. मग फाल्कनचे कंट्रोल अनाकिनकडे, वरून चंद्र येतोय, जहाजात माणसं खच्चून भरलेली, आणि त्या पोराला ठरवायचंय की वळायचं का निघायचं. तो निघतो. खाली च्युई त्या कोसळणाऱ्या चंद्राकडे तोंड करून डरकाळी फोडत उभा. मला हे होणार माहीत होतं, मी त्यासाठीच पुस्तक घेतलं होतं, तरी पोटात गोळा आला.

(इथे एक मित्र म्हणाला की एवढा मोठा चंद्र एवढ्या जवळ आला तर रोश मर्यादेच्या (ज्याच्या आत ग्रहाची ओढ चंद्राला फाडते ते अंतर) आत आल्यावर ताणानेच फुटेल, अख्खाच्या अख्खा पडणार नाही. बरोबर आहे त्याचं. पण ज्या जगात अस्वलासारखा दिसणारा माणूस प्रकाशाच्या वेगापेक्षा जोरात जाणारं जहाज चालवतो तिथे नेमकं च्युई मेल्यावरच सगळ्यांना फिजिक्स आठवतं, ही पण एक रिअ‍ॅक्शनच. दुःख झालं की माणूस हिशेब तपासायला घेतो.)

माझ्या मावसभावाला मी काही न सांगता पुस्तक दिलं. त्याने सिनेमे पाठ केलेत, कादंबऱ्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता. चार दिवसांनी रात्री दीड वाजता मेसेज, “दादा हे काय आहे”. मग “दादा हे खरं आहे का”. मग पंधरा मिनिटं काही नाही. मग “बॉडी दाखवली नाहीये”. मी झोपलो होतो. सकाळी उठून बघतो तर अकरा मेसेज, त्यातले निम्मे च्युई कसा वाचला असेल याच्या थिअरीज, कुठलं तरी बंकर असेल, युझान व्हाँगांनी पकडून नेला असेल, आणि शेवटचा, “तुला माहीत होतं ना? माहीत असून दिलंस?” त्यानंतर दोन दिवस पठ्ठ्या माझ्याशी बोलला नाही.

दोन दिवसांनी चिडला तो अनाकिनवर. मला गंमत वाटली कारण पुस्तकात हान पण तेच करतो, स्वतःच्या पोराला म्हणतो की तू त्याला सोडून आलास. म्हणजे वाचणाऱ्याला जो राग येणार तो लेखकाने आधीच हानच्या तोंडी घालून ठेवलाय, आणि आपण ते वाचताना एकाच वेळी हानच्या बाजूने असतो आणि त्या पोराची दया पण येते. या पुस्तकात खरोखर उत्तम काय असेल तर हे. मरणाचा सीन जोरदार लिहिणारे खूप आहेत, पण त्यानंतर घरातली माणसं एकमेकांशी कशी वाकडी वागतात ते लिहिणारे कमी.

आता राग. हे पुस्तक आलं तेव्हा वाचक इतके खवळले की साल्व्हाटोरेला जिवे मारायच्या धमक्या आल्या, त्याने स्वतःच हे सांगितलंय. एका काल्पनिक केसाळ प्राण्यासाठी खऱ्या माणसाला धमकी. आणि गंमत म्हणजे कोणाला मारायचं हे त्याने ठरवलंच नव्हतं! नव्या मालिकेत वाचकाला धक्का बसला पाहिजे, आता कोणीच सुरक्षित नाही असं वाटलं पाहिजे, म्हणून सुरुवातीलाच मोठं माणूस जायला हवं असं प्रकाशक आणि लुकासफिल्म (‘स्टार वॉर्स’ बनवणारी कंपनी) यांच्या बैठकांत ठरलं, ल्यूकला हात लावायची परवानगी मिळाली नाही, आणि फिरत फिरत ते च्युईवर येऊन थांबलं. एक कारण तर फार साधं होतं, च्युई बोलत नाही, नुसता गुरगुरतो, त्यामुळे कादंबरीत त्याला लिहायला अवघड.

हे कारण वाचल्यावर मला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. पडद्यावर तो मान तिरकी करतो, ओरडतो, आपल्याला सगळं समजतं. कागदावर प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी त्याचं बोलणं उलगडून सांगावं लागतं. या पुस्तकात पण तो अर्धा वेळ “च्युबाका गुरगुरला” एवढाच आहे. म्हणजे ज्या गुणामुळे तो सगळ्यांचा लाडका त्याच गुणामुळे कादंबरीवाल्यांना अडचण.

‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज लुकास, त्याला च्युईची कल्पना सुचली ती त्याच्या कुत्र्यावरून, इंडियाना नावाचा भलामोठा अलास्कन मॅलम्यूट, जो गाडीत पुढच्या सीटवर शेजारी बसायचा. हे डोक्यात ठेवलं की वाचक एवढे का पेटले ते लगेच समजतं. ल्यूक गेला असता तर आपण म्हणालो असतो की हिरो होता, लढता लढता गेला. च्युई घरातला. १९७७ च्या सिनेमात शेवटी सगळ्यांना मेडल आणि हा नुसता उभा, तेव्हापासून लोकांना त्याच्या बाजूने भांडायची सवय लागली होती. बावीस वर्षं असं ज्याच्या बाजूने भांडलं त्याला मीटिंगमध्ये नाव काढून संपवलं म्हटल्यावर लोक गप्प बसणार होते थोडेच. माझं म्हणणं असं की चीड मरणाची कमी आणि मीटिंगची जास्त होती. तो वाचवताना गेला, हानच्या पोराला वाचवताना गेला, वूकीचं (च्युईच्या जमातीचं) जीवऋण म्हणतात ते पूर्ण करून गेला, याहून साजेसं मरण त्याला कोणी दिलं असतं असं मला वाटत नाही. पण वाचताना मागे कुठेतरी बोर्डावर नावं लिहून खोडणारा माणूस दिसत राहतो, आणि तो एकदा दिसला की जात नाही. धमक्या देणाऱ्यांचं समर्थन मी करत नाहीये, मूर्खपणा होता तो, आणि तो पण चुकीच्या पत्त्यावर.

पुढे झालं काय, तर एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं की हा सगळा जुना पसारा आता ‘लेजेंड्स’, म्हणजे नवीन सिनेमांच्या जगात यातलं काही घडलेलं धरायचं नाही. त्यामागच्या कारणांत च्युई पुस्तकांत मेलेला होता हे पण होतं, त्यांच्याच एका माणसाने सांगितलं की चंद्र अंगावर पाडून मारलेला च्युई परत आणायचा तर दुसरा मार्ग नव्हता. आणि २०१५ ला च्युई पडद्यावर हजर, हानच्या शेजारी. थिएटरात मी पण शिट्टी मारली. घरी आल्यावर मात्र विचित्र वाटायला लागलं. ज्यांनी पंधरा वर्षं “च्युईला परत आणा” म्हटलं त्यांना च्युई मिळाला, पण त्याच्या बदल्यात हानचं ते रडणं, अनाकिनचं मनात कुढणं, जेना, जेसन, सगळंच गेलं. सौदा मला काही परवडलेला वाटत नाही. पुस्तकं कपाटात आहेत, कोणी काढून नेली नाहीत, हे कळतं, तरी ‘लेजेंड्स’ची पट्टी बघितली की एखाद्याच्या आठवणींवर “ऐकीव” असा शिक्का मारल्यासारखं वाटतं.

आणि मग २०१९ च्या सिनेमात यांनीच च्युई मेला असं दाखवलं, जहाज फुटलं, नायिका रे हादरली, आणि थोड्याच वेळात, नाही नाही, तो दुसऱ्या जहाजात होता. माझ्या शेजारच्या सीटवरच्या माणसाने पॉपकॉर्न खायचं पण थांबवलं नाही. एकीकडे चंद्र पाडून धमक्या ओढवून घेणारी माणसं आणि दुसरीकडे हे. त्याच सिनेमात त्याला शेवटी मेडल मिळालं, तेवढं मात्र बरं केलं.

पुस्तकाला माझ्याकडून साडेतीन स्टार. अर्धा सर्नपिडलचा, एक नुसता हानचा, बाकी युझान व्हाँगांना. शेवटची बर्फाळ ग्रहावरची लढाई ठीक आहे, पण च्युई गेल्यावर तिथे कोणाचं लक्ष लागतंय, माझं तर नाही लागलं, कोण जिंकलं ते मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नीट कळलं. कथा च्युईला फार लवकर मारते आणि मग स्वतःच पुढे चालताना लंगडते हा मोठा दोष.

पहिल्यांदा घेणार असाल तर एक सांगतो, हे एकटं घेऊ नका. मालिकेतलं चौथं पुस्तक, जेम्स लुसेनोचं ‘हिरोज ट्रायल’, सोबत घ्या. दुसरं-तिसरं नंतर वाचलं तरी चालतं, च्युईचं दुःख मुख्यतः चौथ्यात आहे. काशीकवर, म्हणजे च्युईच्या ग्रहावर, त्याच्या आठवणीसाठी सगळे जमतात, हान कोणाशी धड बोलत नाही, घर सोडून निघतो. आणि डार्क हॉर्स या कॉमिक प्रकाशकाची २००० सालची ‘च्युबाका’ नावाची चार अंकांची कॉमिक मालिका मिळाली तर बघा, त्यात थ्रीपीओ आणि आर्टू हे दोन रोबो त्याला ओळखणाऱ्यांकडून त्याच्या गोष्टी गोळा करत फिरतात. चिडलेल्या वाचकाच्या हातात आधी ती द्यायला हवी होती, मला उशिरा सुचलं.

मावसभाऊ आता नवव्या पुस्तकावर पोचलाय, ‘स्टार बाय स्टार’. अनाकिनवर चिडणं केव्हाच संपलं, आता तो त्याचा सगळ्यात आवडता आहे, काल मला विचारत होता की हा पुढे जाऊन ल्यूकच्या जागी येणार ना. मी म्हटलं, वाच तू.