जुन्या बुलेटला इलेक्ट्रॉनिक इग्निशन : सांगलीत मिळणाऱ्या कॉइलपैकी कोणती घ्यावी

पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीच्या वेळी करंट तोडणारी जुनी यांत्रिक जोडी) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं ठरलं की सगळी चौकशी किटची होते. बॅटरीच्या बारा व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीचे हजारो व्होल्ट करणारी कॉइल मात्र ‘आहे तीच राहू दे’ नाहीतर ‘दुकानदार देईल ती’ अशी ठरते, आणि किट जळतं ते अनेकदा इथेच. सांगली-मिरजेच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नुसती ‘बारा व्होल्टची कॉइल द्या’ म्हटलं तर काउंटरवर एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या कॉइल येऊन पडतात. दिसायला दोन सारख्या असतील, पण ओहम वेगळे.

आधी किट कोणत्या जातीचं आहे ते बघा. बॅटरीचा करंट कॉइलमधून सोडून ऐनवेळी तोडणारं किट म्हणजे टीसीआय. पॉइंट जे करत होते तेच इथे ट्रान्झिस्टर करतो. दुसरी जात सीडीआय. त्यात कपॅसिटर दोन-चारशे व्होल्टला भरून कॉइलमध्ये एका झटक्यात रिकामा होतो. टीसीआयची कॉइल ऊर्जा साठवते, सीडीआयची फक्त व्होल्टेज वाढवते. म्हणून अदलाबदल चालत नाही. बुलेटच्या पॉइंटच्या जागी बसणारी बहुतेक बॅटरीवाली किट टीसीआय असतात.

डब्याची, तेल भरलेली १२ व्होल्टची जुन्या पद्धतीची कॉइल दिसायला ओबडधोबड आहे, पण या कामाला पहिली पसंती तिलाच. प्रायमरी, म्हणजे बॅटरीचा करंट जातो ते आतलं वेटोळं, साधारण साडेतीन ते साडेचार ओहम. चार ओहम धरला तर १२ व्होल्टला ३ अँपिअर. किटला त्रास नाही, बॅटरीला नाही. खोड एकच, तेल गळण्याची. डब्याची कड जिथे दाबून बंद केलेली असते तिथे बोट फिरवून बघा. तेलकट लागलं तर परत द्या, कारण तेल कमी झालेली कॉइल थंड असताना ठणठणीत चालते आणि तापली की मिसिंग मारते. बसवताना क्लॅम्पखाली रबराची पट्टी द्या, पण क्लॅम्प इतका आवळू नका की डबा चेपेल.

तशाच डब्यात कारची कॉइलही मिळते आणि ‘हेवी आहे, घेऊन जा’ म्हणून हातात दिली जाते. हिच्याबाबत सावध राहा. यातल्या बऱ्याच कॉइल बाहेरून बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा रेझिस्टर) लावायच्या असतात, प्रायमरी दीड ओहमच्या आसपास. बॅलास्ट न लावता थेट १२ व्होल्ट दिले तर ८ अँपिअर. इंजिन बंद, चावी चालू आणि किट स्वतःहून करंट तोडणारं नसेल, तर ती जवळजवळ १०० वॅटची शेगडी होते. चार ओहमवाली त्याच अवस्थेत ३६ वॅटवर असते. दीड ओहमने आधी ट्रान्झिस्टर जातो, मग लोक किटला शिव्या घालतात.

२०२० च्या आधीच्या, कार्बोरेटरवाल्या कम्युटर गाड्यांची छोटी, काळ्या इपॉक्सीतली कॉइल स्वस्त आणि टाकीखाली कुठेही मावणारी. पण ती बहुधा सीडीआयची असते, प्रायमरी एक ओहमच्याही आत. टीसीआय किटला ही लावू नका. उलट, सीडीआय किटला डब्याची कॉइल लावली तर काही जळणार नाही, पण ठिणगी मरगळलेली पडेल.

आता रंगीत खोक्यातली ‘रेसिंग’ कॉइल. खोक्यावर चाळीस हजार व्होल्ट छापलेले असतात. ठिणगी पडायला जेवढं व्होल्टेज लागतं तेवढ्यालाच ती पडते, उरलेला आकडा खोक्यावरच राहतो. जुन्या ३५० बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास, प्लगची गॅप ०.६ मिमी. तिला कुठून लागणार चाळीस हजार? कमी ओहमच्या कॉइलचा खरा फायदा म्हणजे ती लवकर भरते. बुलेटला त्याची गरज किती ते बघू. ५००० आरपीएमला एक फेरा १२ मिलिसेकंदांचा, आणि फोर-स्ट्रोक सिंगलला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे हातात २४ मिलिसेकंद. चार ओहमच्या कॉइलला भरायला सहा-सात पुरतात. चार सिलिंडरच्या, दहा हजार आरपीएमच्या इंजिनाचं औषध बुलेटला पाजण्यात अर्थ नाही. पैसे वाचवा.

दुकानातच मल्टिमीटर लावायला लाजू नका. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२-०.३ ओहम दिसतील, ते वजा करा. मग कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये प्रायमरी मोजा आणि आकडा किटच्या कागदावरच्या किमान ओहमशी ताडून बघा. सेकंडरी, म्हणजे ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारं वेटोळं, मोजताना प्लग कॅप काढा, नाहीतर कॅपमधले ५ किलोओहम त्यात मिसळतात. डब्याच्या कॉइलला साधारण ६ ते १५ किलोओहम येतात. दोन वायरींची, ट्विनला (दोन सिलिंडरच्या गाडीला) लागणारी कॉइल असेल तर सेकंडरी दोन एच.टी. (हाय टेन्शन, प्लगकडे जाणाऱ्या) वायरींमध्येच मोजायची. प्रायमरी आणि एच.टी.मध्ये तिथे बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, आणि चांगली कॉइल ‘ओपन आहे’ म्हणून फेकली जाते.

मीटरवर पास झाली म्हणजे संपलं नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना ३.९ ओहम असलेली कॉइल ८० अंशांना ४.७ च्या पुढे जाते. इतकी वाढ ठीक आहे, आतलं इन्सुलेशन फुटणं ठीक नाही, आणि ते मीटरला दिसत नाही. कारखान्यांच्या हंगामात सांगली-आष्टा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास रेंगाळलं की ते आपोआप कळतं. ठिणगी बघताना प्लग इंजिनच्या अंगाला नीट टेकवूनच किक मारा. एच.टी. वायर मोकळी ठेवून किक मारली तर व्होल्टेज बाहेर जायला वाट शोधतं, आणि ती वाट कॉइलच्या पोटातून नाहीतर किटमधून जाते.

वायरिंगचं थोडं बोलायला हवं, कारण नव्या कॉइलचं नाव तिथेच खराब होतं. चावी ऑन करून बॅटरीवर आणि कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष बहुधा जुन्या चावीच्या स्विचचा. रिले (चावीच्या थोड्या करंटवर चालणारा वेगळा स्विच) घाला : ३० नंबरच्या पिनला बॅटरीहून १० अँपिअरच्या फ्यूजमधून दीड चौरस मिमीची वायर, ८७ वरून कॉइलचा प्लस, ८५ अर्थला, ८६ ला चावीची जुनी वायर. कॉइलचं प्लस-मायनस उलटं लावू नका. ठिणगी तरीही पडते, पण प्लगच्या मधल्या टोकाला निगेटिव्ह मिळायला हवं ते मिळत नाही आणि व्होल्टेज जास्त लागतं. एच.टी. वायर तांब्याच्या तारेची आणि कॅप ५ किलोओहमची घ्या. बिनरेझिस्टर कॅपचा गोंगाट मायक्रोप्रोसेसरवाल्या किटला सहन होत नाही, टायमिंग भरकटतं.

सेकंडहँड घ्यायची असेल तर सांगलीपुरती एक जादा तपासणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे पार्ट बाजारात फिरले. कॉइलच्या काळ्या टोपीवरचं रबर काढून आत टॉर्च मारा. पितळेच्या टर्मिनलवर हिरवट थर, किंवा टोपीवर झाडाच्या मुळ्यांसारख्या बारीक करड्या रेघा दिसल्या तर ठिणगी आधीच बाहेरून पळायला लागलेली आहे. पुसून जात नाही ते.

जावा-येझदीचं गणित वेगळं. डायनॅमोवाली ६ व्होल्टची गाडी तशीच ठेवून किट लावणार असाल तर कॉइलही ६ व्होल्टचीच, दीड-दोन ओहमची. डायनॅमोच काढून व्हेप कंपनीचं मॅग्नेट किट बसवणार असाल तर कॉइल किटबरोबरच येते. तिच्या जागी दुसरी शोधत बसू नका, आणि जुनी ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टच्या बुलेटवाल्या मित्राला देऊही नका.