जागलीवर ऐकलेला कीथ जॅरेट

आमच्याकडं हरभऱ्याच्या ओलिताले लाईन रात्रीच येते, म्हणून मागचा अख्खा महिना मी वावरात अन् कानात हेडफोन. भजनं झाली, जुनी गाणी झाली, मग पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं हे पाठवलं, 'सेटिंग स्टँडर्ड्स' नावाचा तीन सीडीचा डबा, अमेरिकेतला जॅझ पियानोवाला कीथ जॅरेट. म्हणे मामा, चार रात्री ऐका मग बोला. पहिल्या दोन रात्री तं मले वाटलं कायचं काय वाजवून राहिला हा माणूस.

मग डोक्यात शिरलं. स्टँडर्ड म्हणजे तिकडच्या जुन्या नाटका-सिनेमातली वगैरे गाणी, सगळ्या जॅझवाल्याईले पाठ असलेली. आता ज्यानं खंजिरी भजन ऐकलं त्याले हे काय सांगा लागते, तुकडोजी महाराजांचं तेच भजन मोझरीत ऐका अन् आमच्या गावात ऐका, शब्द तेच, चाल तीच, पण पेटीवाला मधातच कुठल्या कुठं जाते अन् बरोबर मुखड्यावर परत येते. जॅरेट तेच करते, फक्त त्याचं जाणं लय लांबचं असते.

माल जुनाच आहे हं. १९८३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत तिघं बसले, बासवर (म्हणजे खर्जातलं मोठं तारांचं वाद्य) गॅरी पीकॉक, ड्रमवर जॅक डिजॉनेट, त्यातून तीन अल्बम निघाले अन् ईसीएम नावाच्या रेकॉर्ड कंपनीनं २००८ मध्ये तिन्ही एका डब्यात घातले. जुने तिन्ही घरी असले तं पैसे घालू नका.

पहिल्या सीडीतलं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' म्हणजे कळस. बिली हॉलिडे नावाच्या जॅझ गायिकेचं मूळ गाणं, ते आधी यूट्यूबवर ऐकूनच घ्या, नाहीतर यानं काय फिरवलं ते कसं समजन? १५ मिनिटं एकच ठेका असा धरून ठेवला की मी स्प्रिंकलरचे पाइप बदलवून आलो तरी मान डोलूनच राहिली होती. दुसऱ्या सीडीवर 'नेव्हर लेट मी गो' आहे, एकदम हळू, त्यात पीकॉकचा बास ऐका, पण चांगल्या हेडफोनवर, माझ्या तीनशेवाल्यात पहिले बासच गायब होता. ड्रमचं म्हणाल तं नोझलच्या टिकटिकीत डिजॉनेटची झांज कोणती अन् नोझल कोणतं, काही पत्ता लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, जॅरेट वाजवता वाजवता तोंडानं हुंकारते, कण्हते, मधातच ओरडते बी. पहिल्यांदा मी हेडफोन काढून तुरीत बॅटरी मारली, म्हटलं रानडुक्कर आलं! काही जणाईले याचा लय राग येते म्हणे, मले आता त्याच्याशिवाय करमत नाही, आमचा पेटीवाला बी असाच कण्हते.

खटकली ते तिसरी सीडी. नाव स्टँडर्ड्सचं अन् हिच्यात एकही स्टँडर्ड नाही. 'फ्लाइंग' नावाचे दोन भाग, मिळून अर्धा तास, तिघं मनाले येईल तिकडं जातात, मुखडाच नाही तं परत कुठं येणार? भाचा म्हणते हेच खरं भारी आहे. असन बाप्पा, मी दोनदा प्रयत्न केला अन् दोन्ही वेळा बांधावरच झोपलो, एकदा तं लाईन गेलेली बी समजली नाही.