लाल रंगाच्या भरवशावर: गिअरबॉक्सच्या बनावट तेलाचा अनुभव

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून निघालेले जुने तेल मी मोजून ठेवले होते. ते ३.४ लिटर भरले. पुढे जे काही उघडकीस आले ते या एका आकड्यामुळे, अन्यथा गाडीची थरथर ही माझ्याच हातून झालेल्या चुकीची शिक्षा आहे असे मानून मी गप्प बसलो असतो. विक्रेत्याचीही तशीच अपेक्षा होती, हे नंतर त्याच्या उत्तरांवरून कळले. घरी काम करणाऱ्या माणसाला बनावट तेल विकणे सोपे असते, कारण बिघाड झाला की तो आधी स्वतःवर संशय घेतो.

गाडी ८०,००० किलोमीटर चालली होती. हे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरते, असे विक्रीच्या वेळी सांगण्यात आले होते, पण त्या सांगण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी कंपनी स्वतःच ठरावीक अंतरानंतर तेल बदलण्याची शिफारस करते, तेव्हा ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य हा प्रश्न पडतोच. इंजिन ऑइल मी कित्येक वर्षे घरीच बदलत आलो आहे, जॅक, स्टँड आणि टॉर्क रेंच घरात आहेत, त्यामुळे हेही काम आपल्या आवाक्यातले वाटले. ते आवाक्यातले होतेही. घात झाला तो खरेदीत.

गाडीच्या पुस्तिकेत ज्या सांकेतिक क्रमांकाचे तेल सांगितले होते, तेच तेल, गाडीच्या कंपनीच्याच डब्यात, एका ऑनलाइन विक्रेत्याकडे अधिकृत विक्रेत्यापेक्षा बऱ्याच कमी दरात दिसले. ‘जुना साठा काढायचा आहे’ हे त्याचे कारण मला पटले, किंवा खरे सांगायचे तर पटवून घ्यावेसे वाटले. मी १ लिटरचे ५ डबे मागवले आणि सवडीसाठी महिनाभर तसेच ठेवून दिले. परत करण्याची मुदत या महिन्यातच उलटून गेली.

कामाच्या दिवशी मी सगळे नियम पाळले. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर समपातळीत घेतली आणि आधी तेल भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही ते पाहिले, कारण तेल काढून झाल्यावर तो बोल्ट निघाला नाही तर गाडी जागेवरून हलवताही येत नाही. मग ड्रेन प्लग उघडला. तेल काळपट तपकिरी होते, पण त्याला जळका वास नव्हता. प्लगचा वॉशर नवा घातला आणि निघाले तितकेच, म्हणजे ३ डबे पूर्ण आणि चौथ्यातले ४०० मिलिलिटर, तेल भरले. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर थोडा थांबवत फिरवायचा आणि तेलाचे तापमान ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की पातळीचा बोल्ट उघडायचा. तिथून बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर, असा हिशेब आहे. स्कॅनरवर ४० अंश दिसताच मी बोल्ट उघडला, तर एक थेंबही आला नाही. थोडे थोडे तेल घालत गेलो आणि साधारण २०० मिलिलिटर अधिक गेल्यावर धार लागली. चौथा डबा निम्म्याहून अधिक रिकामा झाला होता. गाडीत आधीच तेल थोडे कमी असावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. काढले तितके भरल्यावर पातळी आधी होती तिथेच यायला हवी होती, हे त्या क्षणी ध्यानात आले नाही.

सुमारे ४०० किलोमीटर गाडी छान चालली. त्यानंतर, गिअरबॉक्स चांगला तापल्यावर, ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या वेगात ॲक्सिलरेटर हलकेच दाबलेला असताना, गाडी गतिरोधकांच्या बारीक पट्ट्यांवरून जात असल्यासारखी थरथरू लागली. थंड असताना काही नाही, जोरात पळवली तरी काही नाही. मी पातळी पुन्हा दोनदा तपासली आणि ती दोन्ही वेळा अचूक निघाली. तरीही संशय माझ्याच हाताभोवती फिरत राहिला. भरताना कचरा आत गेला का, तापमान चुकीचे वाचले का, असे प्रश्न मी जवळजवळ तीन आठवडे उगाळत बसलो होतो.

वाट दाखवली ती एका अनुभवी मेकॅनिक मित्राने. थरथर सुरू असताना रिकाम्या रस्त्यावर ब्रेकचे पेडल जेमतेम टेकवून पाहा, असे त्याने सांगितले. गाडीचा वेग कमी होण्याआधीच थरथर नाहीशी झाली. इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्यात इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा एक लॉक-अप क्लच असतो. ब्रेकचा दिवा लागताच तो क्लच सुटतो. तो सुटल्यावर थरथर थांबते, याचा अर्थ दोष त्याच क्लचच्या पकडीत आहे. हा क्लच तेलात बुडालेला असतो आणि अनेक गाड्यांत तो मुद्दाम किंचित घसरत ठेवला जातो. ती घसरण गुळगुळीत राहावी यासाठी तेलात घर्षण नेमके ठेवणारी रसायने घातलेली असतात. ती नसतील तर क्लच क्षणात धरतो, क्षणात सुटतो आणि गाडी थरथरते. मित्राने मग एकच प्रश्न विचारला, “तेल कुठून घेतलंस?”

पाचवा डबा अजून सीलबंद होता. मी अधिकृत विक्रेत्याकडून एक डबा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. लांबून दोन्ही जुळे भाऊ. जवळून पाहिल्यावर एकेक गोष्ट दिसू लागली. अस्सल डब्याच्या बुडाशी साच्यातून उमटलेला आकडा होता, माझ्या डब्याचे बूड सपाट होते. अस्सल डब्यावरचा बॅच क्रमांक स्पिरिटच्या बोळ्यानेही हलला नाही, माझ्या डब्यावरचा अंगठ्याने पुसला गेला आणि अंगठा जांभळा झाला. झाकण फिरवताच अस्सल डब्याची कडी तुटून मानेवर राहिली, माझ्या डब्याची कडी झाकणासोबत अख्खी वर आली. शेवटी तेल मापात ओतले, तर १ लिटरच्या डब्यात ९३० मिलिलिटर भरले. तीन डब्यांत मिळून २१० मिलिलिटरची तूट. पातळीच्या बोल्टातून थेंब का आला नव्हता, हे तेव्हा कळले.

दोन्ही तेले लालच होती. हा लाल रंग तेलाचा गुण नव्हे. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावे म्हणून तो मिसळलेला असतो, आणि कोणत्याही तेलात तो मिसळता येतो. मी दोन बाटल्यांत थोडे थोडे तेल घेऊन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी आडव्या केल्यावर अस्सल तेल लगेच वाहिले, दुसरे मात्र काकवीसारखे रेंगाळत कडेला आले. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दोन्ही डब्यांत एकच वस्तू नाही एवढे सांगायला ती पुरेशी होती.

विक्रेत्याला मी मोजमाप आणि छायाचित्रे पाठवली. त्याचे उत्तर असे: “सर, हे काम घरी करायचं नसतं. पातळी चुकली असणार.” तूट दाखवली, तर वाहतुकीत तेल कमी होते म्हणाला. सीलबंद डब्यातून ते कसे कमी होईल, असे विचारले, तर तुम्हीच डबा उघडला आहे म्हणाला. त्याने तेलाबद्दल एकही वाक्य लिहिले नाही, प्रत्येक उत्तर माझ्या हातांबद्दल होते. सील न तोडलेला डबा, तोडतानाचे चित्रीकरण आणि बिल एवढे जरी माझ्याकडे असते, तरी त्याचे तोंड बंद झाले असते. माझ्याकडे फक्त बिल होते, आणि त्यावर तेलाचा सांकेतिक क्रमांक न लिहिता नुसते ‘गिअर ऑइल’ असे लिहिलेले होते. घेताना मी ते वाचलेच नव्हते.

त्याच्या यादीत दुसऱ्या एका डब्यावर ‘डेक्सरॉन-३ परवानाप्राप्त’ असे ठळक छापलेले मला नंतर दिसले. डेक्सरॉन हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी जनरल मोटर्स या मोटार कंपनीने ठरवलेले मानक. कंपनीने २००५ साली डेक्सरॉन-६ आणले आणि त्यानंतर डेक्सरॉन-३ चे परवाने नव्याने दिले नाहीत. आजच्या डब्यावर तो परवाना मिरवणारा विक्रेता बाकीच्या डब्यांवर काय छापत असेल, याचा अंदाज मला खरेदीआधीच यायला हवा होता.

दुरुस्ती सरळ पण खर्चिक होती. ड्रेन प्लगमधून सगळे तेल येत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच अडकून राहते. माझ्या गाडीत एकूण सुमारे ६.८ लिटर तेल बसते, म्हणजे एका वेळी निम्मेच बदलते. त्यामुळे आतले निम्मे तेल बनावट होते. अस्सल तेलाच्या पहिल्या बदलानंतर ते पाव राहिले, दुसऱ्यानंतर एक अष्टमांश, तिसऱ्यानंतर एक षोडशांश. प्रत्येक बदलाच्या मध्ये मी साधारण २०० किलोमीटर गाडी चालवली, आणि या वेळी प्रत्येक डबा मापात ओतून मगच गाडीत घातला. दुसऱ्या बदलानंतर थरथर क्वचितच जाणवू लागली, तिसऱ्यानंतर ती गेली. क्लचच्या अस्तराची किती झीज झाली हे गिअरबॉक्स उघडल्याशिवाय दिसणार नाही, आणि तो उघडण्याची वेळ अजून तरी आलेली नाही.

पाचव्या डब्यातले उरलेले तेल मी टाकून दिलेले नाही. त्यावर ‘बनावट’ अशी चिठ्ठी चिकटवून तो अवजारांच्या फळीवर ठेवला आहे. नवा डबा आणला की आधी त्याचे बूड याच्या बुडाशेजारी धरून पाहतो.