तांब्याची म्हणून पाठवलेली पट्टी

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याला थंड करायचं ‘तयार किट’ सोशल मीडियावर कुणी विकत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मला ते साडेआठ हजारांना पडलं.

सोलापुरात राहून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना उन्हाळ्याचं दुखणं सांगायला नको. नान्नजच्या बाजूला मित्राच्या शेतात अंधार चांगला मिळतो, पण एप्रिल-मेमध्ये रात्रीही हवा गरमच. पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर घेत राहिलं की सेन्सर हवेपेक्षाही तापतो. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेने तयार होणारा खोटा सिग्नल, साधारण दुप्पट होतो आणि फोटोभर रंगीत ठिपके उठतात. डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून घेतलेला तेवढ्याच वेळाचा फोटो, वजा केली की ठिपके बरेच जातात, खरखर मात्र राहते. कूलिंगवाला चांगला कॅमेरा घ्यायचा तर लाखाच्या घरात जावं लागतं, म्हणून आपल्यातले बरेच जण पेल्टियर प्लेट (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती) लावून घरीच काहीतरी जमवतात.

विकणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं, हे विशेष. पुण्याचा आहे म्हणाला. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात ‘सर’. “सर, तुमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा सेन्सर चाळीस अंश खाली आणतो.” पुरावा म्हणून त्याने टीईसी१-१२७०६ या प्लेटची डेटाशीट पाठवली. त्यात दोन बाजूंमधला कमाल फरक पासष्ट अंशांच्या वर दिलेला असतो आणि तो आकडा खरा आहे. फक्त तो थंड बाजूवर काहीच भार नसतानाचा असतो. कॅमेऱ्याची उष्णता ओढायला लावली की फरक झपाट्याने घटतो. त्यात गरम बाजूचा हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) लहान असेल तर प्लेट स्वतःच्याच उष्णतेत भाजते. कागद खरा दाखवून माल खोटा विकायची ही पद्धत ओळखून ठेवा.

पार्सल आलं. पॅकिंग झकास. प्लेट, पंख्यासकट हीट सिंक, तापमानाचा छोटा बोर्ड आणि सेन्सरमागे सरकवायची ‘शुद्ध तांब्याची’ पट्टी. चालू करून बघितलं तर थंड बाजू जेमतेम दहा अंश उतरली आणि तिथेच अडकली.

मग मीटर लावला. १२७०६ मधले १२७ म्हणजे आतल्या जोड्या आणि ०६ म्हणजे सहा अँपिअर. नीट हीट सिंकवर बसवून १२ व्होल्ट दिले की चांगली प्लेट चार अँपिअरच्या आसपास खेचते. ही दोनच्या पुढे सरकेना. छापील नंबरावर थिनरचा बोळा फिरवला, तर शाई कापसावर आली आणि खाली घासलेल्या सिरॅमिकवर पुसटसा १२७०३ दिसला. तीन अँपिअरची प्लेट वाईट असते असं नाही, लहान हीट सिंकवर ती उलट सोयीची पडते. पण खरी ०६ सुद्धा बाजारात काहीशे रुपयांत मिळते आणि माझ्याकडून घेतलेले पैसे चाळीस अंशांच्या वायद्याचे होते.

पट्टीचा उलगडा मंगळवार पेठेतल्या भांड्याच्या दुकानात झाला. दहा सेंटीमीटर लांब, चार रुंद, तीन मिलिमीटर जाड, म्हणजे बारा घनसेंटीमीटर. तांबं असेल तर शंभर ग्रॅमच्या वर भरायला हवं. काट्यावर तेहतीस. दुकानदाराने कानस मारून आतली पांढरी धातू दाखवली. “अण्णा, वरनं नुसता मुलामा आहे बघा. मोडीत घातलं तरी चहाचे पैसे निघणार नाहीत.” तुम्हाला असली पट्टी आली तर आधी वजन करा. मीटर नंतर.

विकणाऱ्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात घातक वाटते: “सील करायची गरज नाही, सर.” सेन्सर दवबिंदूच्या खाली गेला की त्यावर पाणी धरतं. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी, त्यामुळे कदाचित निभावेल, पण पाऊस सरल्यावरच्या ऑक्टोबरच्या रात्री कॅमेराच जाईल. आतली जागा बंद करून सिलिका जेल ठेवायलाच लागतं.

पैसे परत मागितले तर चटकन तयार झाला. इतका चटकन की तिथेच शंका आली. त्याने क्यूआर कोड पाठवला, “स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल.” यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकली की पैसे जातात. नाही म्हटल्यावर शिवी आली आणि नंबर ब्लॉक झाला. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. चॅट, पैसे पाठवल्याची पावती, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळं जोडलं. व्हिडिओ सहज म्हणून काढला होता, पण आता तोच उपयोगी पडतोय. पैसे अजून आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. फोटो तोच आहे. काळ्या हीट सिंकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात स्क्रू नाही आणि पंख्याची लाल वायर पिवळ्या टेपने चिकटवलेली आहे.