एनटीएफएस-थ्रीजी : आठ महिने रोज वापरल्यावर

आमचं डीटीपीचं दुकान. दुकानातल्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स टाकलं, पण गिऱ्हाईक येतं ते एनटीएफएसचाच, म्हणजे विंडोजच्या फाइल-मांडणीचा, पेनड्राइव्ह घेऊन. त्यामुळे लिनक्सवर ही मांडणी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एनटीएफएस-थ्रीजी या प्रोग्रामशी रोजची गाठ.

कामाला पक्कं आहे. देवनागरी नावांच्या फायली एकदाही बिघडल्या नाहीत. लग्नाच्या फोटोंचं मोठं फोल्डर कॉपी करताना प्रोसेसर मात्र धापा टाकतो, कारण सगळा कारभार कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेरून, फ्यूज या दुव्यामार्फत चालतो. विंडोज हायबरनेट करून (चालू काम डिस्कवर साठवून बंद करून) काढलेली डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. पहिल्यांदा मी बिचाऱ्या केबललाच शिव्या घातल्या.

मग एकदा सहज या प्रोग्रामच्या फाइलच्या परवानग्या पाहिल्या. मालकाच्या तीन अक्षरांत एक्सच्या जागी एस! म्हणजे सेटयूआयडी: प्रोग्राम कुणीही चालवो, तो चालणार फाइलच्या मालकाच्या, म्हणजे इथे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या, नावानं. संध्याकाळी टायपिंगला येणाऱ्या पोराचं साधं खातं आहे, त्यानं चालवला तरी रूटच.

2017 साली उघड झालेलं सुरक्षेतलं भोक इथलंच. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधक गटातल्या यान हॉर्ननं ते शोधलं. कर्नलमध्ये फ्यूज दिसलं नाही की हा प्रोग्राम रूटच्या अधिकारात मॉडप्रोब (कर्नलला मॉड्यूल, म्हणजे जोडतुकडे, बसवणारी कमांड) चालवायचा, आणि बोलावणाऱ्याचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सोबत मिळणाऱ्या सेटिंग्ज) न झाडता तसेच पुढे सरकवायचा. त्यात आपल्या फोल्डरचा पत्ता घुसवला की मॉडप्रोब तिथलं मॉड्यूल उचलून कर्नलात बसवणार. संपला खेळ. दुरुस्ती काय, तर मॉडप्रोबच्या हाती रिकामं एन्व्हायर्न्मेंट द्यायचं! एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खं मशीन उघडं पडत होतं.

ते केव्हाच बुजवलंय. पण 2021.8.22 या आवृत्तीत बफर ओव्हरफ्लोची (राखलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जाण्याच्या चुकांची) रांगच दुरुस्त करावी लागली. मुद्दाम बिघडवलेली डिस्क वाचायला दिली की झालं. आमच्याकडे तर दिवसभर परक्या डिस्कच येतात.

मी चमॉड या परवानग्या बदलायच्या कमांडनं एस काढला. काही अडलं नाही, कारण फाइल मॅनेजरमधून डिस्क माउंट करते (वापरासाठी जोडते) ती यूडिस्क्स ही सेवा, आणि ती मुळात रूट म्हणूनच चालते. अर्थात त्याच कारणानं बिघडवलेल्या डिस्कचा धोका एस काढून जात नाही. त्यावर अपडेट हाच इलाज, शिवाय ऑटोमाउंट बंद केलंय. गंमत म्हणजे पुढच्याच अपडेटला एस हजर! शेवटी डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड या, अपडेटनंतरही आपल्याच परवानग्या टिकवणाऱ्या कमांडनं तो कायमचा घालवला.

कर्नल 5.15 पासून कर्नलातच आलेला पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस-थ्री हा ड्रायव्हर वेगाला सरस वाटला. तो घरच्या डिस्कला लावलाय. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हला अजून थ्रीजीच.